खेकड्यांनी धरण फोडलं?



पावसाळ्यात खेळणा धरण भरलं की आपल्या सिल्लोडमध्ये ती बातमी वाऱ्यासारखी पसरते. सांडव्यावरून पाणी पडायला लागलं म्हणताच माणसं पालोदच्या रस्त्याला लागतात. कुणी मोटारसायकलवर तिघं-तिघं, कुणी रिक्षात, कुणी सायकल दामटत. दुष्काळी भागातली माणसं आपण! भरलेलं पाणी नुसतं डोळ्यांनी पाहिलं तरी पोट भरल्यासारखं वाटतं. सगळे पाण्याकडे बघत असतात. ज्या भिंतीनं ते पाणी अडवून धरलंय तिच्याकडे मात्र कुणी बघत नाही. ती आपली मुकाट्यानं उभी असते.

आज आपण पाण्याबद्दल नाही, त्या भिंतीबद्दल बोलू या. आणि ती भिंत बांधणाऱ्या, सांभाळणाऱ्या माणसांबद्दल.

सुरुवात मात्र करू या खेकड्यांपासून. हसू नका, ही खरी घडलेली गोष्ट आहे.

रत्नागिरी जिल्ह्यात चिपळूण तालुक्यात तिवरे नावाचं गाव आहे. तिथं एक मातीचं धरण होतं. २ जुलै २०१९ च्या रात्री साडेनऊच्या सुमारास ते फुटलं. बाहेर धो-धो पाऊस चालू होता, माणसं घरात होती. धरणाच्या खालच्या अंगाला भेंदवाडी ही छोटीशी वाडी. पाण्याचा लोंढा तिच्यावरून गेला, घरं वाहून गेली आणि वीसहून अधिक माणसं प्राणाला मुकली.

धरण फुटलं कशानं? राज्याच्या तेव्हाच्या जलसंधारण मंत्र्यांनी सांगितलं, की धरणाजवळ खेकडे फार झाले होते, त्यांच्यामुळे गळती लागली. झालं! महाराष्ट्रभर या खेकड्यांची चर्चा सुरू झाली. काही लोक तर खेकडे घेऊन थेट पोलीस ठाण्यात गेले आणि "हे घ्या आरोपी, यांना अटक करा" म्हणाले. वर्तमानपत्रांत व्यंगचित्रं आली. लोक हसले, पण त्या हसण्यात राग होता. कारण गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केलेली होती. ती आपल्या खात्याच्या कानावर आली होती आणि खात्यानं त्यावर काम केलं होतं, हे खुद्द मंत्र्यांनीही सांगितलं. तरीही धरण फुटलं.

आता तुम्ही विचाराल, "पण सर, खेकडे खरंच धरण फोडू शकतात का?" प्रश्न चांगला आहे. त्याचं उत्तर द्यायचं तर मातीचं धरण उभं कसं राहतं ते आधी समजून घ्यायला हवं.

माती पाणी कसं अडवते?

मातीचं धरण म्हणजे नुसता मातीचा ढीग नव्हे, बरं का. त्याच्या पोटात मधोमध चिकण मातीचा गाभा असतो. आपल्याकडची काळी माती ओली झाली की बुटाला कशी चिकटून बसते, तशी ही माती घट्ट असते आणि पाण्याला सहजासहजी वाट देत नाही. गाभ्याच्या दोन्ही बाजूंना मुरमाचा जाड भराव असतो. तो वजनानं धरणाला उभं ठेवतो. पाण्याच्या बाजूला दगडांचं अस्तर लावतात, म्हणजे लाटांनी माती खरवडली जात नाही. हा गाभा जमिनीवर नुसता ठेवून भागत नाही. खाली कठीण थर लागेपर्यंत खंदक खोदून तो खालपासून भरत आणावा लागतो. नाहीतर पाणी भिंतीखालून गुपचूप निघून जाईल.

हा सगळा भराव वीत-वीतभर जाडीच्या थरांनी चढवतात. एक थर पसरायचा, त्यावर बेताचं पाणी मारायचं, रोलर फिरवून दाबायचा, मग पुढचा थर. पाणी कमी पडलं तर ढेकळं नीट दबत नाहीत, जास्त झालं तर चिखल होतो. दबाई नीट झाली की नाही हे प्रत्येक थराला तपासायचं असतं. कामाची मापं मोजमाप पुस्तकात लिहून त्याखाली सही करायची असते.

इथं जरा थांबा. या सहीकडे नीट बघा. समजा एखादा थर घाईत नीट दाबलाच नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्यावर पुढचा थर पडला, मग त्याच्यावर पुढचा. महिन्याभरानं तो कच्चा थर कुणालाही दिसणार नाही. गावकऱ्यांना नाही, मंत्र्यांना नाही, उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांना तर नाहीच. तो थर कच्चा आहे हे ठाऊक असतं फक्त दोघा-चौघांना: रोलर चालवणाऱ्याला, ठेकेदाराच्या मुकादमाला आणि त्या थराखाली सही करणाऱ्याला. खाली राहणाऱ्या हजारो माणसांची झोप त्या सहीवर अवलंबून असते, आणि त्या माणसांनी ती वही कधी पाहिलेलीसुद्धा नसते.

आता गळतीकडे वळू. मातीच्या धरणातून थोडं पाणी पाझरतंच. त्याला घाबरायचं कारण नाही. हे पाणी सुखरूप बाहेर काढायला धरणाच्या पायथ्याशी वाळू-खडीच्या गाळण्या आणि चर ठेवलेले असतात. मात्र त्या पाण्याचा रंग बघायचा! पाझर स्वच्छ असेल तर ठीक. गढूळ असेल तर समजावं, की पाणी एकटं येत नाहीये, आतली माती सोबत घेऊन येतंय. आज मातीचे कण गेले, उद्या तिथं बोटाएवढी वाट झाली. वाट रुंदावली की पाणी जास्त, पाणी जास्त की माती आणखी जास्त. उन्हाळ्यात शेतात बारं देताना वाफ्याच्या वरंब्याला उंदराचं बीळ असलं तर काय होतं, ते तुमच्यापैकी शेतकऱ्यांच्या मुलांनी पाहिलेलं असेल. आधी नुसता पाझर, मग चूळ भरल्यासारखी धार, आणि फावडं आणेपर्यंत वरंबा गायब.

म्हणजे खेकडे, उंदीर, घुशी भरावात बिळं करतात हे खरं आहे. भरावावर वाढलेल्या झाडांची मुळं कुजली की त्यांच्याही पोकळ्या होतात. पण हे काही कुणाला नव्यानं कळलेलं नाही. म्हणूनच तर दर पावसाळ्याआधी धरणाची पाहणी करायची, बिळं शोधून खोदून भरायची, झाडं-झुडपं काढायची, गळती कुठं आणि किती ते लिहून ठेवायचं, हे सगळं ठरलेलं असतं. खेकड्याला मोजमाप पुस्तक वाचता येत नाही हो! ते वाचणारी, पगार घेणारी माणसं दुसरी असतात. बीळ खेकड्याचं, हे घटकाभर मान्य करू. पण ते वेळेवर बुजवायचं काम कुणाचं?

पानशेतची घाई

तिवरे हे छोटं धरण होतं. महाराष्ट्राला हादरवून सोडणारी घटना त्याच्या ५८ वर्षं आधी घडली. तुमच्या आजोबा-आजींना विचारा, "पानशेतचा पूर" हे शब्द त्यांनी नक्की ऐकलेले असतील.

पुण्याच्या नैर्ऋत्येला डोंगरात आंबी नदीवर पानशेतचं धरण बांधलं जात होतं. हेही मातीचंच, सुमारे ५१ मीटर उंच. १७ मजली इमारत डोळ्यांसमोर आणा. याच्या खालच्या बाजूला, पुण्याच्या आणखी जवळ, मुठा नदीवर खडकवासल्याचं दगडी धरण होतं. ते १८७९ पासून पुण्याला पाणी पुरवत होतं. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या हे नाव तुम्ही ऐकलंच असेल. १५ सप्टेंबरला त्यांच्या जयंतीला आपण अभियंता दिन पाळतो. त्यांनी शोधलेले आपोआप उघडणारे दरवाजे १९०३ साली याच खडकवासल्याला बसवले होते.

पानशेतचं काम १९६२ मध्ये पुरं व्हायचं होतं. पण ते एक वर्ष अलीकडे ओढलं गेलं. १९६१ च्या पावसाळ्यातच पाणी अडवायचं ठरलं. पाऊस काही सरकारी वेळापत्रक बघून येत नाही. जून उजाडला तेव्हा धरणाची भिंत उंच झाली होती, पण धरणातून पाणी सोडण्याचा जो मार्ग, त्याचं काम अपुरं होतं. दरवाजे आणि ते उचलायची यंत्रणा पुरती बसलेली नव्हती.

हा मार्ग म्हणजे काय? धरणाच्या डाव्या अंगाला, भरावाच्या खालून एक कमानीचा बोगदा काढलेला होता. त्यातून पाणी पलीकडे जायचं. त्याच्या डोक्यावर धरणाच्या मातीचं सगळं ओझं. या कमानीत लोखंडी सळ्यांचं काँक्रीट न वापरता साधं काँक्रीट वापरलं गेलं होतं.

तुम्ही म्हणाल, काँक्रीट ते काँक्रीट, सळ्यांनी एवढा काय फरक पडतो? वर्गातला खडू घ्या. दोन्ही टोकांनी सरळ दाबा. सहजासहजी मोडत नाही. आता तोच खडू वाकवायचा प्रयत्न करा. कट्! काँक्रीटचंही असंच आहे. दाब ते झकास सोसतं, पण ताण सोसत नाही. ताण सोसायला सळ्या लागतात.

त्या वर्षी पाऊसही असा कोसळला, की बोलायची सोय नाही. १८ जून ते १२ जुलै या २५ दिवसांत १,७७८ मिलिमीटर! आपल्या सिल्लोडला अख्ख्या वर्षात जेवढा पडतो, त्याच्या दुपटीहून जास्त पाऊस तिथं महिनाभरातच पडला. नव्या मातीच्या धरणात पाणी हळूहळू भरायचं असतं. मातीला नव्या ओझ्याची सवय व्हावी लागते. इथं सुरुवातीला पाणी एका दिवसात ९ मीटर या वेगानं चढलं. ते धरायचं तर धरण नवं, आणि सोडायचं तर मार्ग अपुरा.

त्या बोगद्यातून पाणी सुरळीत वाहिना. आतला पृष्ठभाग खडबडीत आणि काम अर्धवट, त्यामुळे आत पाण्याचे आणि हवेचे धक्के बसू लागले. सात-आठ दिवसांनी नळाला पाणी येतं तेव्हा नळ आधी कसा खोकतो, थरथरतो, भसाभसा थुंकतो, ते आपल्याकडच्या मुलांना सांगायला नको. तेच धक्के मोठ्या बोगद्यात, वर डोंगराएवढं ओझं असताना बसत होते. कमान दगा देऊ लागली, आणि तिच्या वरची माती खाली बसू लागली.

११ जुलैला धरणाच्या माथ्यावर भेगा दिसल्या. सुमारे ९ मीटर रुंदीचा पट्टा खचायला लागला. अडीच तासांत माथा सुमारे १.४ मीटर खाली गेला. आता तो पाण्यापेक्षा जेमतेम ०.६ मीटर उंच राहिला होता. हातातल्या दोन फूटपट्ट्या एकावर एक उभ्या करा, बस, एवढंच अंतर.

त्या रात्री लष्कराचे जवान आले. भर पावसात, अंधारात, खचणाऱ्या धरणावर उभे राहून त्यांनी वाळूच्या पोत्यांची रास रचली. पायाखालची जमीन बसतेय हे ठाऊक असताना तिच्यावर पोती रचत राहायचं! त्या पोत्यांनी धरण काही वाचलं नाही, पण रात्र निभावली. धरण मध्यरात्री फुटलं असतं तर झोपलेलं पुणं पाण्याखाली गेलं असतं. ते फुटलं १२ जुलै १९६१ च्या सकाळी.

लोंढा आधी खडकवासल्याच्या तलावात घुसला. तो तलाव आधीच काठोकाठ भरलेला, दरवाज्यांतून जवळजवळ पूर्ण क्षमतेनं पाणी चाललेलं. जुन्या दगडी भिंतीच्या संपूर्ण लांबीवरून सुमारे २.७ मीटर उंचीचं पाणी वाहू लागलं. भिंत थरथरत होती असं नोंदवलं गेलंय. ८२ वर्षांच्या त्या म्हाताऱ्या धरणानं जवळपास चार तास टक्कर दिली आणि मग तेही फुटलं. विश्वेश्वरय्या तेव्हा हयात होते. शंभरीच्या घरातले ते वयोवृद्ध अभियंते बंगळूरला होते.

पुण्यात त्या दिवशी काय झालं, ते कितीतरी लेखकांनी लिहून ठेवलंय. नदीकाठच्या पेठांमध्ये पाणी शिरलं, लकडी पूल बुडाला, डेक्कन जिमखाना बुडाला, मातीचे जुने वाडे ढेकळासारखे विरघळले. हजारो कुटुंबं उघड्यावर आली. माणसं गेली, जनावरं गेली, दुकानं, दप्तरं, पोथ्या, चित्रं गेली. आणि दैवाची चेष्टा पाहा: सगळीकडे पाणीच पाणी करून गेलेल्या पुरानंतर शहरात प्यायला पाणी नव्हतं! दोन्ही धरणं गेल्यामुळे नळ कोरडे पडले. लोकांनी वाड्यांमधले जुने आड आणि विहिरी पुन्हा उपसल्या. पूरग्रस्तांसाठी पुढं गोखलेनगर, सहकारनगर अशा नव्या वसाहती वसल्या.

मला स्वतःला या सगळ्यात सर्वांत जास्त खुपतं ते ११ जुलैच्या रात्रीबद्दल. धरण खचतंय हे संध्याकाळीच दिसलं होतं. जवान पोती रचत होते. म्हणजे संकट कळलेलं होतं. तरी नदीकाठच्या लोकांना स्पष्ट शब्दांत सांगायला उशीर झाला. "लोक घाबरतील" असा विचार अशा वेळी नेहमी पुढं येतो. अहो, घाबरू द्या की! घाबरलेला माणूस लेकरू काखेत घेऊन पर्वतीवर चढेल, जिवंत राहील. धरण वाचवता येत नसेल तर निदान माणसं वाचवण्याइतका वेळ देणं, हेही अभियंत्याचंच काम असतं. पुलाचं, धरणाचं गणित जितकं महत्त्वाचं, तितकंच "हे आता टिकणार नाही" असं मोठ्यानं सांगणं महत्त्वाचं.

चौकशीसाठी सरकारनं आयोग नेमला. मग लोकांनी ऐकलं, की पावसाचं निमित्त होतं, पण सांडवा लहान पडला म्हणून किंवा पाया कच्चा होता म्हणून हे धरण गेलेलं नव्हतं. ऐन संकटात पाणी सोडायची पुरेशी सोय नव्हती, आणि त्या सोयीच्या वरची बांधणी ढासळली, हे तज्ज्ञांचं निदान. धरणाचा दरवाजा पुरा व्हायच्या आत धरण भरलं, अशा सोप्या शब्दांत आपण ते लक्षात ठेवू शकतो.

विचार करा, त्या कामावर कितीतरी अभियंते असतील. सगळेच काही वाईट नव्हते, बेफिकीर नव्हते. काहींना मनातून वाटलं असेल, की यंदा पाणी अडवणं बरं नाही. पण वरून तारीख ठरलेली. "साहेब, काम अपुरं आहे, मी सही करणार नाही" हे वाक्य बोलायला सोपं वाटतं, पण ते बोलल्यावर बदली होऊ शकते, बढती अडू शकते. घरी लेकरंबाळं असतात. म्हणूनच जगभरातल्या अभियंत्यांच्या संस्थांनी आपल्या आचारसंहितेत लोकांची सुरक्षितता सर्वांत वर ठेवली आहे. साहेबाच्या हुकमाच्या वर, ठेकेदाराच्या सोयीच्या वर, स्वतःच्या बढतीच्याही वर. नियम असा लिहिलेला असला, की खालच्या माणसाला निदान बोट ठेवून दाखवता येतं.

पाटकऱ्याचा झाला मुख्य अभियंता

मघाशी आपण गढूळ पाण्याबद्दल बोललो. "पाणी गढूळ का?" या एवढ्याशा प्रश्नाचं उत्तर चुकलं आणि अमेरिकेत शेकडो माणसं गेली. ती गोष्ट सांगायलाच हवी.

विल्यम मलहॉलंड नावाचा एक गरीब आयरिश मुलगा अमेरिकेत गेला. लॉस एंजलिस शहरात त्याला पाण्याचा पाट साफ ठेवायचं काम मिळालं. आपल्याकडचा पाटकरीच म्हणा ना! रात्री पुस्तकं वाचून तो अभियंता झाला. कॉलेजची पायरी न चढता शहराच्या पाणीखात्याचा मुख्य झाला. १९१३ मध्ये त्यानं ३७० किलोमीटरहून लांबचा कालवा बांधून त्या कोरड्या शहराला पाणी आणलं. लोक त्याला डोक्यावर घेऊन नाचले. तो म्हणेल ती पूर्व दिशा.

पुढं त्यानं सेंट फ्रान्सिस नावाचं काँक्रीटचं धरण बांधलं. १२ मार्च १९२८ च्या सकाळी धरणाच्या रखवालदाराला एक नवी गळती दिसली, आणि पाणी गढूळ! त्यानं ताबडतोब मलहॉलंडला बोलावलं. मलहॉलंड आपल्या सहकाऱ्याला घेऊन आला, त्यानं फिरून पाहिलं. त्याचं मत पडलं, की पाणी मुळात स्वच्छ आहे, बाजूला नव्या रस्त्याची सुटी माती पडलीय तिच्यावरून वाहताना ते गढूळ होतंय. धरण सुरक्षित आहे, असं सांगून तो घरी गेला. त्याच रात्री बाराच्या ठोक्याला दोन-तीन मिनिटं बाकी असताना धरण फुटलं. चारशेहून अधिक माणसं गेली. गळती दाखवणारा तो रखवालदार आणि त्याचं कुटुंब पहिल्या बळींमध्ये होतं.

चौकशीत मलहॉलंडनं काय केलं? त्याला कुणाकुणावर ढकलता आलं असतं! खडकावर, पावसावर, हाताखालच्या माणसांवर. (तिथं खेकडे नव्हते म्हणा.) पण तो उभा राहिला आणि म्हणाला, की दोष द्यायचा तर मला द्या, दुसऱ्या कुणाला देऊ नका. मुलांनो, त्यानं मेलेली माणसं परत आली नाहीत. तरीही, ७२ वर्षांच्या त्या म्हाताऱ्याबद्दल मला आदर वाटतो, आणि त्याचा रागही येतो. दोन्ही एकदम. कारण इतक्या मोठ्या धरणाचा सगळा निर्णय त्यानं एकट्यानं घेतला होता. त्याला "पुन्हा एकदा बघू या का?" असं विचारायची कुणाची छाती नव्हती. चौकशी करणाऱ्या पंचांनी नेमकं हेच लिहिलं, की मोठं धरण बांधणं आणि चालवणं हे कुणा एकाच माणसाच्या मर्जीवर कधीही सोडू नये, तो माणूस कितीही मोठा असो. त्या राज्यानं दुसऱ्याच वर्षी, १९२९ मध्ये, धरणांच्या तपासणीचा कायदा केला.

आपल्याकडे? पानशेत फुटलं १९६१ साली. धरण सुरक्षा कायदा संसदेत मंजूर झाला डिसेंबर २०२१ मध्ये. साठ वर्षं! मधल्या काळात काहीच झालं नाही असं नाही. नाशिकला धरणांच्या सुरक्षिततेचं काम बघणारी संघटना आहे, तपासण्या होत होत्या, अहवाल लिहिले जात होते. पण देशभर सगळ्यांना बांधणारा कायदा यायला साठ वर्षं लागली. आता धरणाच्या मालकाला, म्हणजे बहुतेक वेळा सरकारलाच, पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर तपासणी करावी लागते. धरण फुटण्याची वेळ आलीच तर कुणाला, कसं, किती वेळात सांगायचं याचाही आराखडा तयार ठेवावा लागतो. ११ जुलैच्या त्या रात्री जे नव्हतं ते आता कागदावर तरी आहे.

हे आपल्यासाठी फार महत्त्वाचं आहे. देशात सर्वांत जास्त मोठी धरणं आपल्या महाराष्ट्रात आहेत, दोन हजारांहूनही जास्त. पैठणचं जायकवाडीच घ्या: लालबहादूर शास्त्रींनी १९६५ साली पायाभरणी केलेलं, सुमारे १० किलोमीटर लांब, २७ दरवाज्यांचं. आपल्या छत्रपती संभाजीनगरची तहान तेच भागवतं. त्याची बरीचशी लांबी मातीचीच आहे. घाबरू नका! माती वाईट नाही. नीट बांधलेली, नीट सांभाळलेली मातीची धरणं पिढ्यान् पिढ्या टिकतात. पानशेतही पुन्हा बांधलं गेलं. खडकवासलाही उभं राहिलं. पुणेकर आजही त्यांचंच पाणी पितात.

आपल्या गावचा तलाव

मात्र एक गोष्ट तुमच्या आई-बाबांनीही वाचावी अशी आहे. हा नवा कायदा १५ मीटरपेक्षा उंच धरणांना लागू होतो, आणि १० ते १५ मीटर उंचीच्या काही धरणांना. आपल्या तालुक्यात गावोगाव जे पाझर तलाव आहेत, गावतळी आहेत, त्यांतले बरेचसे याहून ठेंगणे. त्यांच्या भरावावर बाभळी माजलेल्या असतात. कुणी पायथ्याचा मुरूम उकरून नेलेला असतो. सांडव्यात कुणी दगड-माती टाकून "यंदा जरा जास्त पाणी साठेल" असा हिशेब केलेला असतो. हा हिशेब फार महागात पडतो, बरं का. सांडवा अडवला की जादा पाणी भरावावरून वाहतं, आणि मातीच्या भरावावरून पाणी वाहिलं की तो कापला जातो.

अशा तलावावर रोज कोण जातं? अभियंता नाही जात. गुराखी जातो, शेताला जाणारी बाई जाते, मासे धरायला पोरं जातात. गळती पहिल्यांदा दिसते ती यांनाच. तेव्हा पाऊस सुरू झाल्यावर तुम्ही मोठ्या माणसांबरोबर तिकडं गेलात तर पायथ्याकडे लक्ष द्या. एकट्यानं जाऊ नका आणि पाण्यात उतरू नका, हे शिक्षक म्हणून सांगणं माझं काम आहे. पायथ्याशी नवी ओल दिसते का? पाझर स्वच्छ आहे की गढूळ? काचेच्या बाटलीत पाणी भरून उजेडात धरा, लगेच कळेल. भरावाच्या माथ्यावर लांब भेग आहे का? एखादी जागा खचून बशीसारखी झालीय का?

असं काही दिसलं तर घरी सांगा, आणि घरच्यांनी ते तोंडी सांगून सोडून देऊ नये. पाझर गढूळ असला किंवा वाढत असला तर आधी लगेच सरपंचांना, तलाठ्यांना, तहसील कार्यालयाला फोन करावा, आणि तलावाच्या खाली राहणाऱ्यांना सावध करावं. मग लेखी अर्ज. मोठ्या अक्षरांत, साध्या मराठीत, दोन प्रती. तलावाचं नाव, गाव, गळती भरावाच्या कुठल्या बाजूला, पाणी स्वच्छ की गढूळ, पहिल्यांदा कधी दिसली ती तारीख. मोबाइलवर फोटो काढला असेल तर तोही जोडावा. एक प्रत ग्रामपंचायतीत किंवा जलसंधारणाच्या कार्यालयात द्यायची. दुसरीवर तारखेचा शिक्का आणि सही घेऊन ती घरी जपून ठेवायची. शिक्का मारायला कुणी टाळाटाळ केली तर तिथंच बसून राहायचं. सोबत दशम्यांचं गाठोडं नेलेलं बरं.